ऑगस्टमधला दुसरा क्रमांक

27 डिसेंबर 2025 ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर, म्हणजे मुळात बेसबॉलच्या मैदानावर, पेन स्टेट आणि क्लेमसन या दोन विद्यापीठांचा फुटबॉल सामना झाला. पेन स्टेटने तो 22-10 असा जिंकला. सामन्याचं नाव पिनस्ट्राइप बोल. ज्यांचा हंगाम धड तरलाही नाही आणि पुरता बुडालाही नाही अशा संघांसाठी वर्षअखेरीस जे ढीगभर सामने भरवले जातात, त्यातला हा एक. दोन्ही संघ शेवटी सारख्याच हिशोबावर येऊन थांबले : सात विजय, सहा पराभव.

याच दोन संघांना ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या हंगामाआधीच्या देशव्यापी क्रमवारीत कितवं स्थान होतं? पेन स्टेट दुसरा, क्लेमसन चौथा. हे दोघं वर्षाच्या शेवटी समोरासमोर येणार असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी प्लेऑफच्या, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांच्या, उपांत्य सामन्याची तिकिटं शोधायला घेतली असती.

मी पेन स्टेटला दोन वर्षं एमएस करायला होतो, त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा. आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्याला खेळाडूंचे चार मित्र आणि एक कंटाळलेला क्रीडाशिक्षक एवढे प्रेक्षक असतात. तिथलं बीव्हर स्टेडियम एक लाख सहा हजारांहून जास्त लोकांचं आहे. तीन वानखेडे भरूनही त्यात जागा उरेल. आणि ज्या गावात ते आहे, त्या स्टेट कॉलेजची वस्ती आहे चाळीस हजारांच्या आसपास. मोठ्या सामन्याच्या आधी पोरं स्टेडियमच्या दाराबाहेर तंबू ठोकून राहतात. त्या तंबूवस्तीलाही नाव आहे, निटनीव्हिल. विद्यार्थ्यांच्या भागात अॅल्युमिनियमचे लांबलचक बाक आहेत आणि त्यांवर बसायचं नसतं, चढून उभं राहायचं असतं, तेही पूर्ण सामनाभर. पहिल्या वेळी मी बसायला गेलो तर शेजारच्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आरती चालू असताना खाली बसलेल्या माणसाकडे आपण पाहतो.

तर असा हा संघ 2025 मध्ये पडला. का पडला यावर अमेरिकेत पुष्कळ लिहून झालंय. मला पडण्याबद्दल फार काही म्हणायचं नाही. मला त्या दुसऱ्या क्रमांकाबद्दल बोलायचंय. माझं म्हणणं असं की हंगामाआधीची ही क्रमवारी बंद करायला हवी. ती मुळात अंदाज असते, पण अंदाज म्हणून कुणी वापरत नाही. ती वचनासारखी वसूल केली जाते. आणि वसुली ज्यांच्याकडून होते त्यांनी ते वचन दिलेलंच नसतं.

अंदाज अगदीच हवेतला नव्हता, हे मान्य. 2024 चा हंगाम 13-3, म्हणजे तेरा विजय, तीन पराभव. प्लेऑफची उपांत्य फेरी, तिथे नोत्र दामकडून 27-24 असा शेवटच्या क्षणी पराभव. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, ड्रू अॅलर परत येणार होता, निकोलस सिंगलटन आणि केट्रॉन अॅलन हे चेंडू घेऊन पळणारे दोन तगडे रनिंग बॅकही. शिवाय जिम नोल्स. ओहायो स्टेटने जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं तेव्हा त्यांचा बचाव सांभाळणारा हा माणूस. त्याला पेन स्टेटने वर्षाला 31 लाख डॉलर देऊन आपल्याकडे आणलं. मुख्य प्रशिक्षकाला नाही, बचावाच्या प्रशिक्षकाला एवढे पैसे. कागदावर हा संघ बघून मीही त्याला दुसरा क्रमांक दिला असता. कदाचित पहिला.

पण या यादीला मतं देणारे साठ-पासष्ट पत्रकार नेमकं काय मोजत असतात? एकही चेंडू फेकला गेलेला नसतो. गेल्या वर्षी काय झालं, कोण कोण परत आलं, आणि विद्यापीठाने किती पैसे ओतले, एवढ्यावरच मत पडतं. असोसिएटेड प्रेसची क्रमवारी 1936 पासून आहे. तेव्हा ती वर्तमानपत्रांना आठवडाभर पुरणारा विषय म्हणून निघाली, आणि विषय म्हणून ती आजही झकास आहे. गंमत म्हणून ती चालली असती तर मी हा लेख लिहिलाच नसता.

अडचण पुढे सुरू होते. पेन स्टेटचे पहिले तीन सामने नेव्हाडा, फ्लोरिडा इंटरनॅशनल आणि व्हिलानोवा यांच्याशी होते. तिन्ही घरच्या मैदानावर. गुणफलक 46-11, 34-0, 52-6. मोठी विद्यापीठं लहान विद्यापीठांना पैसे देऊन आपल्या घरी हरायला बोलावतात, हा तिथला जुना आणि उघड व्यवहार आहे. लहानांचं त्यात वर्षाचं बजेट सुटतं. म्हणजे ऑगस्टमधला आकडा सप्टेंबरमध्ये तपासलाच जात नाही, तो नुसता मुरत जातो. महिनाभर कुणा तुल्यबळ संघाशी गाठ न पडता पेन स्टेट दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर बसून होता. तोवर तो आकडा लोकांच्या डोक्यात अंदाज राहिलेला नव्हता. ती त्यांची मालमत्ता झाली होती.

27 सप्टेंबरला ओरेगन आलं. ‘व्हाइट आउट’चा सामना, म्हणजे अख्खं स्टेडियम पांढऱ्या कपड्यांत. पुण्यात रविवारची पहाट, पाच वाजलेले. मी जुना पांढरा टीशर्ट घालून लॅपटॉपसमोर बसलो होतो आणि आई दूध तापवता तापवता विचारत होती की हे लोक एकमेकांच्या अंगावर का पडतायत. चौथ्या क्वार्टरमध्ये 17-3 असा मागे असलेला पेन स्टेट 17-17 वर आला. मग बरोबरी फोडण्यासाठीचा जादा खेळ, पहिला ओव्हरटाइम, 24-24. दुसऱ्यात ओरेगनने चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन टचडाउन केलं, आणि पेन स्टेटच्या पहिल्याच चेंडूवर अॅलरचा पास ओरेगनच्या हातात गेला. 30-24. संपलं.

तो चांगला सामना होता, हे मला आजही वाटतं. ओरेगन पुढे प्लेऑफच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलं. अशा संघाशी दोन ओव्हरटाइम खेळून सहा गुणांनी हरणं यात लाज वाटण्यासारखं काय होतं? पण स्टेडियममध्ये घोषणा सुरू झाल्या होत्या, ‘फायर फ्रँकलिन’. प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिनला हाकला. तो संघाचा हंगामातला पहिलाच पराभव होता.

नंतरचं मात्र झाकण्यासारखं नाही. 4 ऑक्टोबरला पेन स्टेट लॉस एंजेलिसजवळ यूसीएलए या विद्यापीठाशी खेळायला गेला. यूसीएलए त्यावेळी 0-4. त्यांचा प्रशिक्षक तीन सामन्यांनंतरच घरी गेलेला, हंगामी माणूस संघ चालवत होता, आणि आक्रमणाचे डावपेच ठरवणारा त्या आठवड्यातच बदललेला. मध्यंतराला 27-7 यूसीएलए. शेवटी 42-37. पुढच्या शनिवारी घरी होमकमिंग, म्हणजे माजी विद्यार्थ्यांचा परतीचा सोहळा, आणि नॉर्थवेस्टर्नकडून 22-21. त्याच सामन्यात अॅलर जखमी झाला आणि त्याची कॉलेजची कारकीर्द तिथेच थांबली. या दोन्ही सामन्यांत पेन स्टेट वीसहून जास्त गुणांनी जिंकेल असं सट्टाबाजाराने धरलं होतं. 12 ऑक्टोबरला, रविवारी, फ्रँकलिनला काढलं.

क्रमवारीचं काय झालं, तेही बघा. ओरेगननंतर संघ सातवा होता. यूसीएलएनंतर पहिल्या पंचवीसमध्येच नव्हता. एका शनिवारात सातव्यावरून थेट यादीबाहेर. याचे दोनच अर्थ होतात. एक तर हा संघ सात दिवसांत वीस पायऱ्यांनी वाईट झाला, नाही तर तो मुळात कधी सातवा नव्हताच. पहिलं कुणीच मानत नाही. मग दुसरं मानायचं असेल, तर त्याची शिक्षा यादी करणाऱ्यांना कधी होते? त्यांना पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा मतपत्रिका मिळते.

इथे फ्रँकलिनची बाजू घेतोय असं वाटेल. तशी मी पूर्ण घेत नाही. पेन स्टेटमध्ये त्याचे विजय 104, पराभव 45. पण पहिल्या दहांतल्या संघांविरुद्ध 4 विजय आणि 21 पराभव. वर्षाला ऐंशी लाख डॉलरच्या वर घेणाऱ्या माणसाचा हा हिशोब आहे आणि तो डोळ्यांआड करता येत नाही. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मित्र, जो आता सिएटलला असतो, फ्रँकलिनला वर्षानुवर्षं ‘घरचा वाघ’ म्हणत आलाय. मित्राचा मुद्दा असा : काढायलाच हवं होतं, उशीरच झाला.

ठीक आहे. पण मग उशीर का झाला, हे विचारा. नोव्हेंबर 2021 मध्ये याच फ्रँकलिनला दहा वर्षांचा नवा करार दिला गेला, 2031 पर्यंतचा. त्याच्या आदल्या वर्षी संघ 4-5 होता आणि त्या वर्षीही चार पराभव झालेले होते. मोठ्या संघांशी तो हरतो हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. तरी करार झाला, कारण त्याच सुमाराला सदर्न कॅलिफोर्निया आणि एलएसयू (लुइझियाना स्टेट) या विद्यापीठांत प्रशिक्षकाच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि तो जाईल अशी धास्ती होती. या धंद्यात करार कामगिरीवर होत नाही, घाबरून होतो. त्या करारामुळे ऑक्टोबर 2025 मध्ये त्याला काढण्याची किंमत झाली जवळजवळ 4 कोटी 90 लाख डॉलर. काम न करण्याबद्दल. पुढे नोव्हेंबरात तो व्हर्जिनिया टेककडे गेला आणि तडजोडीत ही रक्कम 90 लाखांवर आली, हेही सांगायला हवं, कारण लोक 4 कोटी 90 लाखांवरच थांबतात. पण काढताना विद्यापीठाने हे गृहीत धरलेलं नव्हतं. काढताना ते सगळे पैसे मोजायला तयार होते. आणि हे एकट्या पेन स्टेटचं नाही. त्याच ऑक्टोबरात एलएसयूने ब्रायन केलीला काढलं, त्याची रक्कम पाच कोटींच्या वर. ऑगस्टच्या यादीत एलएसयू नववा होता.

पेन स्टेटचं क्रीडा खातं आपल्या कमाईवर चालतं, त्यात विद्यार्थ्यांची फी येत नाही, असं विद्यापीठ सांगतं. हिशोबाच्या वहीत ते खरं आहे. पण याच विद्यापीठाच्या विश्वस्तांनी मे 2025 मध्ये आपली सात छोटी केंद्रं 2027 च्या वसंत सत्रानंतर बंद करायचा ठराव 25 विरुद्ध 8 मतांनी मंजूर केला. डुबॉइस, फायेट, माँट आल्टो, न्यू केन्सिंग्टन, शेनँगो, विल्क्स-बॅरी, यॉर्क. पेनसिल्व्हेनियातल्या खाणी आणि कारखाने गेलेल्या गावांतल्या मुलांना घरी राहून पहिली दोन वर्षं शिकता यावीत म्हणून ही केंद्रं होती. माँट आल्टो तर 1903 मध्ये वनविद्येची शाळा म्हणून सुरू झालेलं. पटसंख्या घटतेय, तोटा होतोय, ही कारणं दिली गेली आणि ती खोटी नाहीत. त्याच्या वर्षभर आधी याच मंडळाने बीव्हर स्टेडियमच्या नूतनीकरणाला 70 कोटी डॉलरपर्यंत मंजुरी दिली होती.

दोन थैल्या वेगळ्या आहेत, मान्य. एकीतले पैसे काढून दुसरीत टाकता येत नाहीत, तेही मान्य. पण विश्वस्त तेच आहेत. देणगीदार बऱ्याच अंशी तेच आहेत. 1855 मध्ये शेतकऱ्यांच्या पोरांसाठी ‘फार्मर्स हायस्कूल’ म्हणून निघालेल्या संस्थेत कोणत्या अपयशावर एका रविवारी, चोवीस तासांच्या आत, कोट्यवधी डॉलर मोजून निर्णय होतो, आणि कोणत्या अपयशावर समित्या बसतात, अहवाल येतात आणि शेवटी कुलूप लागतं, हे बघण्यासारखं आहे. माँट आल्टोला कुणी देशात दुसरा क्रमांक दिला नव्हता. त्यामुळे ते बंद होताना कुणाचा अपेक्षाभंग झाला नाही.

फुटबॉल विद्यापीठापेक्षा मोठा झाला की काय होतं, हे या गावाला तरी नव्याने शिकवायला नको होतं. नोव्हेंबर 2011 मध्ये सँडस्की प्रकरण बाहेर आलं. माजी सहायक प्रशिक्षकाने केलेले मुलांचे लैंगिक अत्याचार, आणि वरच्यांनी त्याकडे केलेलं दुर्लक्ष. जो पॅटर्नो या दैवतासारख्या प्रशिक्षकाला तेव्हा जावं लागलं, आणि जुलै 2012 मध्ये त्याचा पुतळा स्टेडियमबाहेरून हलवला गेला. त्या राखेतून फ्रँकलिनने 2014 पासून संघ उभा केला, 2016 मध्ये बिग टेन या विद्यापीठांच्या गटाचं विजेतेपद आणलं. 2025 च्या हंगामाची तुलना त्या गुन्ह्याशी करायची नाही, ती करणं ओंगळ ठरेल. मला एवढंच दिसतं की ‘प्रशिक्षक म्हणजेच विद्यापीठ’ हे समीकरण तेव्हा तुटेल असं वाटलं होतं. ते तुटलं नाही, त्यातलं फक्त नाव बदललं.

आता खेळाडू. पूर्वी यांना फुकट राबवतात म्हणून सहानुभूती मिळायची. 2021 पासून त्यांना आपल्या नावावर पैसे कमावता येतात, आणि जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेट वाटा देतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलरची. त्यामुळे ‘पैसे घेता, मग हुर्यो ऐकून घ्या’ हा युक्तिवाद जोरात आहे. मला तो निम्मा पटतो. पैसे घेणाऱ्याने खेळाची जबाबदारी घ्यावी, हे बरोबर. पण अॅलरने पैसे घेतले ते खेळण्याचे. दुसऱ्या क्रमांकाचे नव्हे. तो आकडा त्याच्या पाठीवर दुसऱ्यांनी लावला, त्यावर तिकिटं विकली गेली, टीव्हीवाल्यांनी मोक्याच्या वेळा धरल्या, सट्टेबाजांनी भाव काढले, आणि एका चुकीच्या पासनंतर हिशोब मागायला सगळे त्याच्याकडे गेले.

ही क्रमवारी निदान बरोबर तरी ठरते का? अर्धीमुर्धी. तिसरा ओहायो स्टेट, पाचवा जॉर्जिया, सातवा ओरेगन, हे चांगलेच खेळले. पण पहिला टेक्सस प्लेऑफमध्येही पोचला नाही. आणि इंडियाना विसाव्या क्रमांकावर होता. इंडियाना म्हणजे कॉलेज फुटबॉलमध्ये हरण्यासाठी प्रसिद्ध असलेलं विद्यापीठ, जिथे लोक बास्केटबॉल सुरू होण्याची वाट बघत फुटबॉल सहन करायचे. तो संघ त्या हंगामात सोळाच्या सोळा सामने जिंकला. 19 जानेवारी 2026 ला मायामीला 27-21 असं हरवून राष्ट्रीय विजेता झाला.

उपाय अवघड नाही. प्लेऑफची निवड समिती स्वतःची पहिली क्रमवारी नोव्हेंबरच्या सुमाराला काढते, कारण त्याआधी सांगण्यासारखं काही नसतं हे तिला कळतं. पत्रकारांनीही ऑक्टोबरपर्यंत थांबावं. चार-पाच सामने होऊ द्यावेत, त्यातला निदान एक तरी खरा. आणि प्रशिक्षकांच्या करारात नुकसानभरपाई दोन वर्षांच्या पगाराहून जास्त असू नये, निदान सरकारी अनुदान घेणाऱ्या विद्यापीठांत. ‘मग चांगले प्रशिक्षक दुसरीकडे जातील’ असं लगेच म्हटलं जातं. जाऊ देत की. फ्रँकलिन जाईल या भीतीने जे केलं, त्यातून काय मिळालं ते दिसलंच. पेन स्टेटने डिसेंबरात आयोवा स्टेटच्या मॅट कॅम्बेलला आणलं. करार आठ वर्षांचा.

या हंगामाचा एक तुकडा मात्र मी जपून ठेवलाय. फ्रँकलिननंतर टेरी स्मिथ हा सहायक हंगामी प्रशिक्षक झाला, कधीकाळी इथलाच खेळाडू. आयोवाकडून एका गुणाने हरले, ओहायो स्टेटकडून सपाटून. मग 8 नोव्हेंबरला इंडियाना आलं, तोवर एकही सामना न हरलेलं. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. पेन स्टेटला तेव्हा कुठलाही क्रमांक नव्हता. क्वार्टरबॅक नवखा पोरगा, ईथन ग्रुंकमायर. कुणाला काही अपेक्षाच नव्हती, मलाही नाही. मी भांडी लावता लावता बघत होतो. आणि हे पोरगे शेवटच्या मिनिटापर्यंत 24-20 असे पुढे. चौकट तीच, अंगावरचे कपडे तेच, बरीचशी पोरंही तीच, पण खांदे सैल दिसत होते. छत्तीस सेकंद उरलेले असताना इंडियानाच्या ओमार कूपरने एंड झोनच्या, म्हणजे टोकाच्या त्या गुण मिळवून देणाऱ्या पट्ट्याच्या, अगदी मागच्या रेषेजवळ हवेत उडी घेतली, चेंडू पकडला आणि तोल जाता जाता एक पाय आत टेकवला. पंचांनी रीप्ले बघितला. पाय आत होता. 27-24.

आमच्या ग्रुपवर मिनिटभर कुणी काही लिहिलं नाही. मग सिएटलवाल्याने लिहिलं, ‘काय झेल होता रे.’